बाहुलीघराचं किट: ग्रीनलीफ की रिअल गुड टॉइज?

दोन्ही कंपन्या अमेरिकन, प्रमाण तेच: खऱ्या घराच्या 1 फुटाला 1 इंच. किमतीतला फरक मात्र डोळ्यात भरणारा, आणि तो मुख्यतः लाकडाच्या जाडीचा आहे.

स्वस्त पडणाऱ्या ग्रीनलीफच्या घरांचं प्लायवूड जेमतेम 3 मिमी. भाग साच्याने कापलेले, पत्र्यासारख्या फळ्यांतून हलक्या हाताने सुटे करायचे. घाई केली की कड उसवते, कुसळं निघतात. प्रत्येक तुकडा पॉलिश पेपरने घासा, खाचेत बसवा, सरळ राहतोय का बघा, मगच डिंक. पातळ भिंत ओल्या रंगाने वाकते, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो. पण त्यांच्या ‘बीकन हिल’ मॉडेलसारखं नक्षीदार व्हिक्टोरियन घर या पैशांत दुसरं कोण देतं?

रिअल गुड टॉइजच्या भिंती साधारण साडेनऊ मिमी, खोबणी आधीच पाडलेल्या. सांगाडा पटकन आणि काटकोनात उभा राहतो. दिव्यांची तार लपवायला जाडीही मिळते.

वायरिंग करून घर पुढच्या पिढीला द्यायचं असेल तर महागडं किट घ्याच. नुसती जुळवाजुळवीची हौस असेल, तर स्वस्तातल्यात मजा जास्त. उरलेले पैसे फर्निचरला ठेवा; खरा खिसा तिथेच रिकामा होतो.