जुन्या टेबल सॉची मोटार: रिवाइंड करायची की नवी बसवायची?

सेकंडहँड टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणारं यंत्र) स्वस्तात हाती लागतो तेव्हा बहुधा त्याची मोटार गेलेली असते. ओतीव लोखंडाचं टेबल सपाट, आर्बर (ब्लेडचा दांडा) खणखणीत, लाकूड सरळ धरणारी फेन्सही बरी; फक्त बटण दाबलं की ‘हूं’ असा आवाज येतो आणि पुली जागची हलत नाही. मग एक जण सांगतो रिवाइंड करा, म्हणजे आतलं वाइंडिंग (तारेचे वेढे) नव्याने भरून घ्या, दुसरा सांगतो नवीच टाका. मोटार न उघडता दिलेला यातला कुठलाच सल्ला मी मानत नाही. गुरगुरून न फिरणारी मोटार पुष्कळदा जळालेली नसतेच, त्यामुळे तुलनेत तिसरा पर्याय आधी घ्यावा लागतो: किरकोळ दुरुस्ती.

विजेची पिन काढा, पट्टा उतरवा आणि पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा शाफ्ट वरखाली हलला तर बेअरिंग गेलं. त्याचा नंबर बेअरिंगवरच असतो, 6204 किंवा 6205 असे नेहमीचे नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पुली सुळसुळ फिरत असेल तर पट्टा उतरवलेलाच ठेवा, मोटारीला पुन्हा वीज जोडा, पुलीला हाताने फिरकी द्या, हात पूर्ण बाजूला घ्या आणि पुली फिरत असतानाच बटण दाबा. मोटारीने वेग पकडला, तर मुख्य वाइंडिंग जिवंत आहे. दोष सुरुवात करून देणाऱ्या भागात आहे. दोनतीन सेकंदांत वेग घेतला नाही तर लगेच बंद करा, उगाच तापवू नका.

सुरुवातीच्या भागात पहिला संशयित कंडेन्सर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा जोर देणारी, वीज साठवणारी डबी. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते, म्हणून होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना लावून तो आधी रिकामा करा. वरचं टोपण फुगलंय, तेलकट डाग आहे, किंवा मीटरवर मायक्रोफॅरड छापलेल्या आकड्यापेक्षा बरेच कमी दिसतात, म्हणजे तो गेला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. खर्च काहीशे रुपयांचा.

दुसरा संशयित सेंट्रीफ्युगल स्विच, आणि सुतारकामाच्या यंत्रात मला याचाच संशय जास्त येतो. मोटार पूर्ण वेगाच्या साधारण तीन चतुर्थांशावर आली की तो स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे फक्त सुरुवातीला लागणारं वाइंडिंग, पुरवठ्यापासून तोडतो. मागचं झाकण उघडलं की आत एमडीएफचा पिठासारखा भुसा वंगणात कालवून बसलेला दिसतो आणि स्विचचे पॉइंट काळे, खड्डे पडलेले. ब्रशने भुसा काढा, पॉइंटवरून झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, स्प्रिंग मोकळी सरकते का बघा. पॉइंट उघडेच अडकले तर मोटार गुरगुरते. चिकटून राहिले तर ती सुरू होते, पण स्टार्टिंग वाइंडिंग सर्किटमध्येच राहतं आणि थोड्या वेळात खरंच जळतं. त्यामुळे नवा कंडेन्सर टाकून मोटार चालू झाली तरी स्विच बघितल्याशिवाय झाकण लावू नका.

पुरवठाही तपासा. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 230 ऐवजी 180 व्होल्ट येत असतील तर सुरुवातीचा जोर जवळजवळ 40 टक्क्यांनी घटतो आणि चांगली मोटारही अडते. लांब, बारीक एक्स्टेंशन वायर हेच करते. सुरू होताना मोटारीच्या टर्मिनलवर मीटर लावून बघा, बोर्डवर नको.

हे सगळं ठीक असूनही एमसीबी पडत असेल, जळका वास येत असेल, किंवा 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये एक मेगओहमही मिळत नसेल, तर मात्र प्रश्न खरोखर रिवाइंडिंग की नवी मोटार असा उरतो.

जुनी मोटार जड ओतीव बॉडीची असेल, रोटर (आतला फिरणारा भाग) शाबूत असेल आणि ती आधी रिवाइंड झालेली नसेल, तर माझा कौल रिवाइंडिंगला. पैसे वाचतात हे एक कारण झालंच, पण मोठा फायदा फिटिंगचा. शाफ्ट तोच, पायाची भोकं तीच, पुली तीच, त्यामुळे पट्ट्याची रांग बिघडत नाही. मात्र वाइंडिंगवाल्याला आधीच विचारा: तार तांब्याचीच ना, वेढे आणि गेज जुन्याइतकेच ना, वार्निश देऊन भट्टीत सुकवणार ना, आणि जुनी कॉइल कशी काढणार? थेट गॅसच्या ज्वाळेने जाळून काढली तर स्टॅम्पिंगच्या (लोखंडी गाभ्याच्या) पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, मग नवं वाइंडिंगही कायम गरम राहतं. दोन्ही बेअरिंगं त्याच वेळी बदलून घ्या.

रोटर स्टेटरला (भोवतालच्या स्थिर भागाला) घासून ओरखडे पडलेत, शाफ्ट वाकलाय, किंवा रिवाइंडिंगचा खर्च नव्या मोटारीच्या निम्म्यापुढे जातोय? मग नवी घ्या, आणि बंद बॉडीची, बाहेरून पंख्याने थंड होणारीच घ्या. जाळीदार मोटारीत भुसा जाणारच. एचपीइतकंच फ्रेमकडेही (मोटारीच्या ठरावीक मापाकडे) लक्ष द्या: 90 च्या फ्रेममध्ये शाफ्ट पायापासून 90 मिलिमीटर उंच आणि 24 मिलिमीटर जाड असतो, 80 च्या फ्रेममध्ये 80 आणि 19. फ्रेम बदलली की नवी पुली आणि नवी भोकं आलीच. फेऱ्यांच्या बाबतीत तर तडजोड नकोच. मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या जागी 2880 ची मोटार त्याच पुलीवर बसवली तर ब्लेड दुप्पट वेगाने फिरेल आणि ब्लेडवर छापलेली मर्यादा ओलांडू शकेल.

व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा, वेग बदलता येणारा ड्राइव्ह) लावून थ्री फेज मोटार चालवणं हाही मार्ग आहे. त्यात सेंट्रीफ्युगल स्विच आणि स्टार्टिंग कंडेन्सर दोन्ही जातात. सिंगल फेजवरच्या व्हीएफडीतून साधारण 230 व्होल्टच मिळतात, म्हणून 415 व्होल्टला स्टार जोडणीची मोटार डेल्टा जोडणीत जोडता आली पाहिजे (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती). थ्री फेज मोटार आधीच पडून असेल तर जरूर करा. दोन्ही विकत आणायचं असेल तर घरगुती कामाला मला ते पटत नाही.

तुमचा सॉ हलका, कार्बन ब्रशच्या मोटारीचा असेल तर हिशेब उलटा होतो. आधी ब्रश बदला. कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) जळाला असेल तर आर्मेचर (फिरणारा भाग) रिवाइंड करत बसू नका, त्याच मॉडेलचं नवं घ्या. इतक्या वेगाने फिरणाऱ्या आर्मेचरचं बॅलन्सिंग हातकामात नीट साधत नाही.

कुठलाही पर्याय घेतलात तरी पहिली चाचणी ब्लेड काढून करा. मोटार उलटी फिरली तर ब्लेड लाकूड टेबलावर दाबण्याऐवजी वर उचलेल. सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की दिशा सुधारते. मग ब्लेड बसवून, लाकूड कापताना क्लॅम्प मीटरने अँपिअर बघा. नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा जास्त येत असतील तर मोटार अजून सुधारलेली नाही, परत पाठवा.