पुणे–मुंबई मासिक पास, एसटीचे अर्धे तिकीट आणि कास्टिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मॉडेलिंगमध्ये नव्याने उतरणाऱ्या पुण्याच्या प्रत्येक मुलीपुढे एक प्रश्न असतो: अंधेरीत कॉट बेसिसवर जागा घ्यायची की घरी राहून ये-जा करायची? मी दुसरा मार्ग निवडला. गेल्या हिवाळ्यापासून जाताना रेल्वेचा मासिक पास, मुंबईत लोकल आणि मेट्रो, आणि परतताना बहुतेक वेळा एसटी, अशी माझी व्यवस्था आहे. ती आता पुरेशी वापरून झाली असल्याने तिचे गुणदोष सविस्तर लिहीत आहे.

आधी या कामातील प्रवास इतर प्रवासांपेक्षा वेगळा का असतो, हे सांगायला हवे. कास्टिंगचा, म्हणजे कामासाठी मॉडेल निवडण्याच्या चाचणीचा, निरोप बहुधा आदल्या रात्री येतो: उद्या अकरा ते चार, वर्सोवा, काळे अंगाबरोबरचे कपडे, हील्स, मेकअप नको. तिथे पोहोचल्यावर पाच मिनिटांत ‘नॉट फिट’ म्हणून परत पाठवतात किंवा चार तास रांगेत बसवतात, आणि यांपैकी काय होणार याचा अंदाज कोणालाही देता येत नाही. त्यामुळे आधी काढलेले स्वस्त तिकीट इथे स्वस्त ठरत नाही. ते रद्द करावे लागते, पुढे ढकलावे लागते किंवा वाया जाते. रात्री अकरा वाजता ठरवून सकाळी निघता येईल आणि परतीची वेळ शेवटपर्यंत मोकळी ठेवता येईल असा प्रवासच खऱ्या अर्थाने परवडतो. याच कसोटीवर मी पुढचे सर्व मोजले आहे.

जाण्यासाठी पास उत्तम आहे. पुणे ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर १९२ किलोमीटर आहे आणि डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटून सव्वातीन तासांच्या आत मुंबई गाठते. अकराच्या कास्टिंगसाठी ही वेळ जुळते. ती सुपरफास्ट असल्याने पासाबरोबर सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो, हे मात्र पास काढतानाच लक्षात ठेवावे. कास्टिंग लवकरचे असेल तर सहाच्या सुमाराची सिंहगड एक्स्प्रेस धरावी. पासधारकांचे डबे ठरलेले असतात आणि पासावर इतर आरक्षित डब्यांत बसता येत नाही. रोज जाणाऱ्यांच्या जागाही अलिखितपणे ठरून गेलेल्या असतात. नव्या माणसाने पहिले काही दिवस नम्रपणे उभे राहावे. ओळख झाली की त्याच काकू ‘बस गं’ म्हणून सरकून जागा देतात आणि आज कुठले शूटिंग, अशी चौकशीही करतात.

मासिक की त्रैमासिक, याचा हिशेब नीट करावा. त्रैमासिक पासाचे भाडे मासिकाच्या २.७ पट असते, म्हणजे बचत दहा टक्क्यांची. नोकरदारासाठी ती चांगली आहे, पण आपले काम हंगामी असते. लॅक्मे फॅशन वीक वर्षातून दोनदा, साधारण मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास होतो आणि त्याआधीच्या आठवड्यांत कास्टिंग, लुक टेस्ट आणि फिटिंग (शोचे कपडे अंगावर घालून बसवून पाहणे) यांची गर्दी उडते. मधले काही महिने इतके कोरडे जातात की दहा टक्के वाचवण्यासाठी तीन महिन्यांचे पैसे अडकवण्यात अर्थ राहत नाही. आठवड्यातून दोनदा तरी जाणे होत असेल तरच मासिक पास काढावा. त्याहून कमी फेऱ्या असतील तर साधे तिकीट बरे.

मुंबईत दादरला उतरणे सर्वात सोयीचे, कारण तिथून दोन्ही दिशा मोकळ्या होतात. जाहिराती, कॅटलॉग आणि ऑनलाइन दुकानांच्या कपड्यांची कास्टिंग बहुतांशी अंधेरी पश्चिमेला, त्यातही वर्सोव्याच्या आराम नगर परिसरात होतात. दादरहून पश्चिम रेल्वेची जलद लोकल धरून अंधेरी आणि तिथून मेट्रो १ ने वर्सोवा, हा मार्ग भरवशाचा आहे. अंधेरी स्थानकाबाहेरून रिक्षा केली तर फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे २६ रुपये आहे आणि त्यावर कोंडीतला मीटर चालू राहतो. केस बांधून, चेहरा कोरा ठेवून निघालेल्या मुलीला त्या धुरापेक्षा मेट्रोचा वातानुकूलित डबा केव्हाही बरा. रॅम्पचे मोठे कार्यक्रम मात्र अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे (बीकेसी) वळले आहेत. तिथे पोहोचणे पूर्वी त्रासाचे होते. मे २०२५ मध्ये मेट्रो ३ दादरपर्यंत सुरू झाल्यापासून दादर ते बीकेसी हा थेट भुयारी प्रवास झाला आहे आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्यांची झालेली ही सर्वात मोठी सोय आहे. रॅम्पसाठी मुलींकडून साधारण पाच फूट आठ इंच उंचीची अपेक्षा असते. आपली उंची त्याहून कमी असेल तर बीकेसीच्या फेऱ्यांवर पैसे घालण्याऐवजी वर्सोव्यावरच भर द्यावा, कारण प्रवासखर्चात खरी काटकसर तिथेच होते.

आता परतीविषयी. पासाची मर्यादा इथे दिसते. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सीएसएमटीहून सुटते. म्हणजे अंधेरीहून साडेतीनला निघायला हवे आणि नेमके तेव्हाच आपला क्रमांक जवळ आलेला असतो. त्यानंतर सिंहगड मिळते, तीही सुटली की हाताशी एसटी उरते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धे तिकीट आहे आणि त्यात शिवनेरीही येते. दादरहून पुण्याकडे शिवनेरी रात्री उशिरापर्यंत असतात, आरक्षण नसले तरी बहुधा जागा मिळते आणि वातानुकूलित गाडीत झोपून येता येते. रात्रीच्या परतीसाठी मला यापेक्षा सुरक्षित आणि स्वस्त पर्याय सापडलेला नाही. सोबतच्या मुलग्यांना पूर्ण तिकीट पडते, त्यामुळे त्यांचा हिशेब बदलतो. चौघांनी मिळून गाडी करणे त्यांना कधी कधी अधिक परवडते. (शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर दोन तास अधिक धरावेत, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.) आगगाडीने परतताना कर्जतला घाटासाठी मागे बँकर, म्हणजे गाडी मागून ढकलणारी, इंजिने जोडली जातात आणि तेवढ्यात बटाटेवड्याचा वास डब्यात शिरतो, दुसऱ्या दिवशी फिटिंग असेल तर खिडकीपासून दूर बसावे.

सलग दोन दिवसांचे काम, म्हणजे आज फिटिंग आणि उद्या शो, असेल तेव्हा मुक्काम करावाच लागतो. अशा वेळी मुंबई सेंट्रल स्थानकातच २०२१ मध्ये सुरू झालेले पॉड हॉटेल उपयोगी पडते. महिलांसाठी तिथे वेगळे पॉड आहेत आणि सुरुवातीला बारा तासांचा दर ९९९ रुपये होता. अंधेरीतील हॉटेलपेक्षा हे स्वस्त पडते आणि पहाटेच्या कॉल टाइमला (कामावर हजर होण्याच्या वेळेला) लोकल पायाखालीच असते. ओळखीच्या मुलीच्या कॉटवर एक रात्र काढणे त्याहून स्वस्त, पण अनेक घरमालकांना ते चालत नाही आणि तिची जागा धोक्यात येते.

सामानाबाबत थोडेच सांगते. पाठीवरची एकच सॅक, हील्स कापडी पिशवीत वेगळ्या, पायात सपाट चपला, कॉम्प कार्डांची (आपले फोटो आणि मापे छापलेल्या कार्डांची) प्लॅस्टिकची फाइल आणि पावसाळ्यात एक जादा काळा टॉप. चाकांची बॅग दादरच्या पुलावर निरुपयोगी आहे.

पावसाळा हा या सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे. भोर घाटात दरड आली की गाड्या रद्द होतात किंवा तासन्‌तास उशिरा धावतात आणि कास्टिंगची वेळ आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय शोचे मानधन हाती यायला दोन-तीन महिने सहज लागतात, त्यामुळे हा सारा खर्च तोवर खिशातूनच जातो. नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या तथाकथित एजन्सीच्या बोलावण्यावर तर एक फेरीही खर्च करू नये. पावसाच्या या बेभरवशामुळे जून ते ऑगस्ट पास न काढता निवडक कामांसाठी शिवनेरीने जायचे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऑक्टोबरच्या शोची कास्टिंग सुरू होताना, पुन्हा मासिक पास काढायचा, असे मी ठरवले आहे.