बीपीच्या रुग्णांसाठी काय निवडावं: माहिती, मशीन की पाठपुरावा?

बीपीच्या रुग्णांसाठी काही करायचं ठरलं की पहिला प्रस्ताव बहुधा व्याख्यानाचा किंवा माहितीपत्रकाचा येतो. दुसरा मार्ग म्हणजे रुग्णाने घरी मशीन ठेवून स्वतः बीपी मोजायचं. तिसऱ्यात घरचे आकडे नर्स, फार्मासिस्ट किंवा डॉक्टर नियमित पाहतात, सवयींबद्दल बोलतात आणि गरज पडली तर औषध बदलतात. वेळ आणि माणसं कमी असतील तर मी तिसराच निवडेन, भले तो निम्म्याच रुग्णांना देता आला तरी.

माहिती अनावश्यक आहे असं मुळीच नाही. बीपी दुखत नाही. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणारा माणूस बेफिकीर नसतो, स्वतःच्या शरीराने जे सांगितलं त्यावर तो विश्वास ठेवतो. हा समज बदलायला कुणीतरी नीट समजावून सांगावंच लागतं. पण नुसत्या शिक्षणाने बीपी फारसं उतरत नाही, असं २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात) दिसलं. कारण उपदेश मोघम असतो. ‘मीठ कमी करा’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि पाकीटबंद पदार्थांतलं मीठही त्यातच धरायचं, हे फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. शिवाय व्याख्यानाला रुग्ण येतो, घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती येत नाही. व्याख्यानच घेणार असाल तर तिलाही आवर्जून बोलवा.

मशीनचा मोठा फायदा असा की न दिसणारा आजार आकड्यात दिसू लागतो, आणि दवाखान्यातल्या धास्तीने वाढलेलं बीपी वेगळं ओळखता येतं. मात्र मोजण्याची पद्धत शिकवायलाच हवी. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणं. घरची मर्यादा दवाखान्यातल्या १४०/९० ऐवजी १३५/८५ धरतात, हेही सांगा. दिवसभर पुन्हापुन्हा मोजून घाबरणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळची वेळ ठरवून द्या.

एवढं करूनही नुसत्या मोजण्याचा परिणाम तोकडा पडतो. २०१७ मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. एकट्याने मोजणाऱ्यांचं वरचं बीपी (दोन आकड्यांतला पहिला) वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत जेमतेम १ मिमीने (पाऱ्याच्या मिलिमीटरने) कमी होतं. मोजण्याला सातत्याच्या वैयक्तिक पाठिंब्याची जोड मिळाली तिथे हा फरक सुमारे ६ मिमी होता. मशीन तेच असूनही वहीत नोंदवलेल्या आकड्याला कुणी उत्तर देतं की नाही, यावर इतकं अवलंबून असतं.

लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत झालेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फार्मासिस्ट दुकानातच येऊन बीपी मोजत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषधं ठरवत. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ मिमीने उतरलं. ज्या दुकानांत न्हावी फक्त सवयी बदलण्याचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह करत, तिथे ते ९ मिमीने उतरलं. ओळखीची जागा दोन्हीकडे होती, औषध बदलण्याचा अधिकार एकीकडेच.

म्हणून पाठपुरावा निवडण्याआधी एक गोष्ट नक्की करा: आकडा वाढलेला दिसला तर औषध कोण बदलणार, आणि किती दिवसांत? याचं उत्तर नसेल तर फोन करत राहूनही फारसं हाती लागणार नाही. बीपी नोंदवायच्या अ‍ॅपचंही तेच.

पाठपुराव्यातलं बोलणंही जपून करावं. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’च येतं. ‘महिन्यातून साधारण किती वेळा राहून जाते?’ असं विचारलं तर माणूस मोकळं बोलतो आणि गोळीचा त्रास होत असेल तर तोही कळतो. एका भेटीत एकच बदल ठरवा, तोही त्याने स्वतः निवडलेला. वजन जास्त असेल तर प्रत्येक किलो उतरण्यामागे वरचं बीपी साधारण १ मिमीने कमी होतं. वही उघडून हे त्याला दाखवता आलं की पुढचा बदल तो स्वतःच सुचवतो.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर मात्र यातला कुठलाच मार्ग नाही. थेट रुग्णालय गाठायचं, हे पहिल्याच भेटीत रुग्णाला आणि घरच्यांना सांगून ठेवा.