कांदा चाळीसाठी ‘एनए’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

शेतात कांदा चाळ, गोठा किंवा गड्यासाठी खोली बांधायची आहे आणि कुणी म्हणालं की ‘आधी जमीन एनए (बिगरशेती) करावी लागेल’, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा. आमच्या घरचे १ लाख ८५ हजार रुपये या एका वाक्यापायी गेलेत.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आमची अडीच एकर बागायत आहे. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा बाजारात सगळ्यांचाच कांदा असतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो दिवाळीपर्यंत थांबतो, बाकीचे येईल त्या भावाला देऊन मोकळे होतात. म्हणून दादाने (माझा थोरला भाऊ, शेती तोच बघतो) पंचवीस टनांची चाळ, तिला लागून गोठा आणि गड्यासाठी एक खोली असा बेत केला. कर्जासाठी बँकेने बांधकामाची परवानगी मागितली आणि दादा तालुक्याला गेला.

तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-टायपिंगची दुकानं असतात, त्यातल्याच एकात हा माणूस बसायचा. पाटी नाही, पावती पुस्तक नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि समोर फायलींची चळत. सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत, म्हणून दादाही साहेब म्हणाला. दादाने नुसता गट नंबर सांगितला, तर चहा येईपर्यंत त्याने आमचा सातबारा, आठ अ आणि गटाचा नकाशा टेबलावर मांडला. “तुमचं सगळं रेकॉर्ड आपल्याकडे आहे,” म्हणाला. माणूस इथेच गार होतो. खरं तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून कुणालाही, कुणाचाही काढता येतो. नकाशाही ऑनलाइन दिसतो. पण समोरच्याच्या हातात आपल्या जमिनीचा कागद दिसला की तो आतला माणूस वाटायला लागतो.

मग भीती घातली. “परवानगीशिवाय चाळ उभी केलीत तर दंड बसेल, उद्या पाडायची नोटीस येईल. एनए करून घ्या, आयुष्यभर कटकट नाही.” त्यानंतर मोजणी फी, नगररचनाचा अभिप्राय, रूपांतरण कर, चलन असं एकेक नाव घेत तो पैसे मागत राहिला. प्रत्येक वेळी रक्कम अशी की एका फटक्यात जाचू नये. पैसे फोनवरून, पण त्याच्या नावावर नाही, कुठल्याशा मोबाईल दुकानाच्या क्यूआर कोडवर. कांदा काढणीला आला होता, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

शेवटी आदेश आला. तो कागद आता माझ्याकडे आहे. वरती राजमुद्रा, उजवीकडे जावक क्रमांक, खाली गोल शिक्का आणि वळणदार सही. भाषा अगदी कचेरीची: ‘वाचले’, ‘ज्याअर्थी’, ‘त्याअर्थी’, ‘खालील अटी व शर्तींस अधीन राहून’. कुणाच्या तरी खऱ्या आदेशावर आमचं नाव आणि गट चढवलेला होता. सावकाश वाचलं की सांधे दिसतात. ‘वाचले’खाली मंडळ अधिकाऱ्यांच्या अहवालाची तारीख २६ जानेवारी. त्या दिवशी कचेरीत झेंडावंदन असतं, अहवाल कोण पाठवतो? पहिल्या पानावर आमचा तालुका, पण सातव्या अटीत भलत्याच तालुक्याच्या नगर परिषदेचं नाव, आणि चाळीच्या आदेशात ‘कामगारांसाठी स्वच्छतागृह’ ही अट. सोबतच्या चलनावर आकड्यात एक रक्कम, अक्षरात दुसरी.

बँकेच्या वकिलांनी आदेश खात्रीसाठी तहसीलला पाठवला तेव्हा बिंग फुटलं. मी दादासोबत गेलो होतो. महसूल शाखेतल्या अव्वल कारकून बाईंनी जावक रजिस्टर उघडलं आणि आमच्या क्रमांकावर बोट ठेवलं. तिथे रेशनकार्डाबद्दलच्या एका पत्राची नोंद होती. चलनाचा जीआरएन नंबर (सरकारी भरण्याचा क्रमांक) त्यांनी संगणकावर टाकून पाहिला, तसं चलन सरकारी तिजोरीत कधी आलंच नव्हतं. आमच्या नावाचा साधा अर्जही आवकमध्ये नव्हता. म्हणजे सरकारदरबारी आमचं काम सुरूच झालेलं नव्हतं.

त्यापुढे बाई जे बोलल्या ते जास्त लागलं. “चाळीला एनए कशाला हवी?”

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची वेगळी व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण किंवा शेतमाल ठेवायची जागा, जनावरांचा निवारा, शेतकऱ्याच्या कुटुंबाला किंवा गड्यांना राहायची सोय, हे सगळं तीत बसतं. अशी इमारत बांधण्याचा हक्क कलम ४१ नुसार जमीनधारकाला आहेच. मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि आसपास किंवा प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात जमीन असेल (आमची आहे), तर त्याच कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. त्याला मर्यादा आहेत. जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर हवी. ०.६ हेक्टरपर्यंत जोतं (बांधकामाने व्यापलेली जागा) १५० चौरस मीटर, त्याहून जास्त जमीन असेल तर ४०० चौरस मीटर, पण त्यातला राहण्याचा भाग १५० च्या आतच. तळमजलाच, आणि उंची जोत्यापासून ५ मीटर. आमचा अख्खा बेत यात आरामात बसत होता. एनए म्हणजे जमीन शेतीकडून दुसऱ्या वापराला नेणं. आम्ही तर कांदाच ठेवणार होतो.

थोडक्यात, लागतच नसलेली परवानगी आम्हाला विकली, तीही खोटी. मला वाटतं, एनए हा शब्द हे लोक मुद्दाम वापरतात. कलम ४१ चा अर्ज म्हटलं तर लाखभर रुपये कोण देईल? एनए म्हटलं की लोकांना प्लॉट, बंगला, वाढलेला भाव दिसतो आणि आकडा मोठा वाटेनासा होतो.

पैसे परत मागायला गेलो तर साहेबांचा सूर बदलला. “मी काय एकट्याने खाल्ले? वरती द्यावे लागतात. तक्रार करा, पण लाच देणाराही आत जातो, माहीत आहे ना?” घेताना फी होती, परत मागताना ती लाच झाली. त्याचा धंदा याच वाक्यावर चालतो, कारण इथे बहुतेक लोक गप्प बसून घरी जातात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे हे खरं. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर कायदा सूट देतो, आणि त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. आमच्याबाबतीत तर कुणा अधिकाऱ्याला दमडी गेल्याचा पुरावा नाही. प्रत्येक रक्कम ‘चलन’, ‘फी’ म्हणून मागितल्याचे त्याचेच मेसेज आहेत. दादाने ते पुसले नव्हते, हे बरं झालं.

भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये येते, बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी. पोलिसांकडे दिलेल्या अर्जाला आम्ही मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, मूळ खोटा आदेश आणि तहसीलचं ‘हा आदेश या कार्यालयाने दिलेला नाही’ असं लेखी पत्र जोडलं. हे पत्र आधी मिळवा. त्याच्याशिवाय ठाण्यात ‘देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा’ असं ऐकून परत यावं लागतं.

कलम ४१ चा अर्ज दादाने आता स्वतः आवकला दिला आहे, सातबारा, आठ अ, नकाशा आणि इंजिनिअरकडून काढलेला आराखडा लावून. पोच हातात आहे. यंदाचा कांदा मात्र मिळेल त्या भावाला गेला.

हा माणूस आता त्या दुकानात बसत नाही. शेजारच्या तालुक्यातून दोघांचे फोन आले, त्यांच्याकडच्या आदेशातही मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल २६ जानेवारीचाच आहे. तुमच्या घरात असा कागद असेल तर आज तारखा बघा, आणि जावक क्रमांक घेऊन स्वतः तहसीलला जा.