१६ की ८८? मार्नर आणि नायलँडर यांच्यातून एक निवडताना

टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाची जर्सी घ्यायचं ठरलं की गोलांचा बादशहा ऑस्टन मॅथ्यूजपाशी कोणी फारसं अडत नाही. घोडं अडतं ते १६ आणि ८८ पाशी, म्हणजे मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर यांच्यापाशी. मार्नर २०२५ च्या जूनअखेर व्हेगासच्या संघाकडे गेला, तेव्हा वाटलं होतं की हा वाद आता निवळेल. झालं उलटंच. टोरोंटोलगतच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कहॅमकडच्या आपल्या मंडळींत अजूनही दोन तट आहेत. नव्याने हॉकी बघायला लागलेला कोणी ना कोणी विचारतोच, की मार्नरची जुनी जर्सी आता स्वस्तात मिळते आहे, घेऊ का? की सरळ नायलँडरची घेऊ? मी ८८ घेतली, आणि पुन्हा वेळ आली तरी तीच घेईन. पण समोरच्या बाजूकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते नीट ऐकून घेतल्याशिवाय निवडू नये, असं मला वाटतं.

नियमित हंगामाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, कारण तिथे मार्नर सरस आहे हे नायलँडरवालेही मान्य करतात. २०२४-२५ मध्ये त्याचे १०२ गुण झाले (गोल किंवा गोलाला दिलेला पास म्हणजे एक गुण), त्याआधी ९७ आणि ९९ चे हंगाम होऊन गेलेले. सलग २३ सामन्यांत गुण मिळवण्याचा क्लबचा विक्रम त्याच्या नावावर आहे. शिवाय पेनल्टी किलवर, म्हणजे शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असताना बचाव करण्यात, तो जितका उपयोगी, तितका नायलँडर कधीच नव्हता. बचाव करणाऱ्या फॉरवर्डला मिळणाऱ्या सेल्की करंडकाच्या शेवटच्या तिघांत २०२३ साली मार्नर होता, आणि तो विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, असून तिथवर पोहोचला. प्रतिस्पर्ध्याच्या काठीवरचा पक तो मागून येऊन असा काढून घेतो की त्या बिचाऱ्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं.

हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, म्हणजे प्लेऑफच्या नुसत्या बेरजेतही मोठी तफावत नाही. टोरोंटोकडून मार्नरचे ७० सामन्यांत ६३ गुण. नायलँडरचे २०२५ पर्यंत ६७ सामन्यांत ५८. एवढंच बघितलं तर ‘मार्नर प्लेऑफमध्ये गायब होतो’ हे म्हणणं अन्यायाचं वाटेल. आमच्या शेजारचा मुलगा मला नेमकं हेच ऐकवतो: “काका, आकडे बघा ना. आणि तो पास देतो म्हणून तर मॅथ्यूजचे एका हंगामात ६९ गोल झाले.” त्याचं चुकत नाही. पण त्या ६३ गुणांत गोल किती आणि ते केव्हा आले, हे बघायला गेलं की चित्र पालटतं. नायलँडरचे प्लेऑफमधले गोल मार्नरच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

माझा निर्णय मात्र आकड्यांवर झाला नाही. तो एका सवयीवर झाला.

स्कॉशियाबँक अरेनात वरच्या ३०० च्या रांगांमध्ये बसलात तर खेळाडूंचे चेहरे दिसत नाहीत, पण बर्फावर वाटा कुठे उघडतात ते टीव्हीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. तिथून मार्नर बघावा. उजव्या कडेने तो पक घेऊन आत येतो. बचावपटू मागे सरकतो, गोली जरा खोल उभा असतो, आणि क्षणभर काठीपासून जाळीपर्यंत वाट मोकळी असते. वरून सगळ्यांना ती दिसते, लोक “शूट!” म्हणून ओरडतात. मार्नरही मान वर करतो, पण त्याची नजर जाळीकडे न जाता पलीकडच्या बाजूला कोण मोकळं आहे ते शोधत असते. खांदे आत वळतात, काठीचं पातं उघडतं आणि पक आडवा जातो. जानेवारीत हा पास तीन पायांच्या मधून सुटून बरोबर मॅथ्यूजच्या काठीवर पडतो आणि लोक अख्खं अरेना डोक्यावर घेतात. प्लेऑफमध्ये त्याच रेषेत कोणीतरी गुडघा टेकून आडवं झालेलं असतं. पक त्याच्या पॅडवर आपटतो आणि उलट दिशेला पळतो.

हे एकदा खुपलं की खुपतच राहतं. शेवटच्या षटकात जम बसलेला फलंदाज एकेरी धाव काढून स्ट्राइक दुसऱ्याला देत राहिला, तर त्याची सरासरी कितीही चांगली असो, आपण टीव्हीसमोर अस्वस्थ होतोच. मार्नर बघताना मला वसंत ऋतूत दरवर्षी तसंच व्हायचं. फटका मारून चुकला असता तर चाललं असतं. त्याने तो मारायचाच नाही, हे सोसवत नव्हतं.

ही सवय आकड्यांत कुठे उमटते, तर गोलांच्या दुष्काळात. एप्रिल २०१९ मध्ये बॉस्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले, त्यातला एक पेनल्टी शॉटवर. त्यानंतरचा प्लेऑफ गोल थेट मे २०२२ मध्ये, टँपाविरुद्ध. मधले १८ सामने कोरडे. त्या १८ मध्ये २०२१ ची मॉन्ट्रियलविरुद्धची मालिका येते, आणि टोरोंटोत राहणाऱ्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. चार विजय लागणाऱ्या मालिकेत ३-१ अशी आघाडी असून झालेली हार, पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेलेला कर्णधार टवारेस, कोविडमुळे जवळजवळ रिकामी स्टेडियम्स, आणि सातव्या सामन्याला आत सोडलेले ५५० आरोग्य कर्मचारी. मार्नरचे त्या सात सामन्यांत शून्य गोल. सहाव्या सामन्यात त्याने दबावाखाली पक काचेवरून बाहेर भिरकावला, त्याची पेनल्टी बसली आणि टोरोंटोचा एक खेळाडू कमी असतानाच मॉन्ट्रियलने गोल केला. त्याच मालिकेत नायलँडरचे पाच गोल झाले. सातवा सामना ३-१ ने गेला, त्यात टोरोंटोचा एकमेव गोल त्याचाच होता. उशिरा आला, उपयोग झाला नाही, पण जाळीकडे पक मारायची तयारी त्या रात्री ज्याच्याकडे होती तो ८८ नंबर होता.

२०२४ मध्ये हाच फरक पुन्हा दिसला. बॉस्टनविरुद्धचे पहिले तीन सामने नायलँडर मायग्रेनमुळे खेळलाच नाही. परत आल्यावर सहाव्या आणि सातव्या सामन्यांत मिळून टोरोंटोने तीन गोल केले, तिन्ही त्याचे. मार्नरचे सात सामन्यांत तीन गुण. शेवटी बॉस्टनच्या पास्टरनाकने ओव्हरटाइममध्ये घरी पाठवलं ते दोघांनाही. पण आपण हरलो तेव्हा कोण काय करत होतं, हे चाहत्याच्या लक्षात राहतं. निदान माझ्या तरी राहिलं.

आता मार्नरच्या बाजूचं, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. २००४ नंतर टोरोंटोने पहिली मालिका जिंकली ती २०२३ मध्ये, टँपाला हरवून. त्या वर्षी ११ सामन्यांत मार्नरचे १४ गुण होते, म्हणजे तो विजय त्याच्याशिवाय झाला असता असं कोणी म्हणू नये. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी बरोबरी साधल्यावर लगेच गोल करून सामना आपल्याकडे फिरवणारा तोच. त्याच वर्षी फेब्रुवारीत फोर नेशन्स फेस-ऑफ या चार देशांच्या स्पर्धेत कॅनडाकडून खेळताना स्वीडनविरुद्ध ओव्हरटाइमचा गोल त्याने मारला, समोर स्वीडनच्या संघात नायलँडर होता. अंतिम सामन्यात मॅकडेव्हिडच्या विजयी गोलाला पासही त्याचाच. तेव्हा मोठ्या सामन्यात त्याचे हातपाय गळतात, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. स्वीडनविरुद्धचा त्याचा गोल मी आनंदाने बघितला, आणि पुढची दोन मिनिटं फक्त एकच विचार डोक्यात होता: अरे, असाच फटका एप्रिल-मे मध्ये मार ना.

नायलँडरचे दोष तुम्हाला ठाऊक आहेत. पक गेल्यावर तो मागे धावत नाही, मागे येतो. त्याच्या चेहऱ्यावर घाई दिसत नाही, त्यामुळे वाईट दिवशी तो बेफिकीर वाटतो. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या सामन्यात दोन गोल करून त्याने सुरुवात केली, आणि मालिकेच्या शेवटच्या चार सामन्यांत एकही नाही. तेव्हा सातत्य हवं असेल तर दोघांपैकी कोणाकडेही ते पुरेसं नाही. फक्त नायलँडर गप्प असतो तेव्हाही फटके मारत असतो, आणि ते बघताना माझा जीव तेवढा कासावीस होत नाही.

राहिला प्रश्न किमतीचा, म्हणजे ट्रेडमध्ये, संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, कोणाचं काय आलं असतं याचा. या वादात सगळ्यात जास्त आवाज इथेच चढतो.

२०१८ च्या शरदात नायलँडर करारासाठी अडून बसला आणि १ डिसेंबरच्या मुदतीला सही केली. तो हंगाम ५४ सामन्यांत २७ गुणांवर आटोपला. तेव्हा ज्याला विचाराल तो म्हणायचा, विकून टाका, एक बरा डिफेन्समन आणा. क्लबने विकला नाही. पुढची पाच वर्षं तो वर्षाला सुमारे ७० लाख डॉलरमध्ये मिळाला, त्यातले शेवटचे दोन हंगाम ४०-४० गोलांचे. चांगल्या खेळाडूचा भाव पडलेला असताना तो बाजारात नेऊ नये, हे तिथे दिसलं. आता त्याचा करार वर्षाला १ कोटी १५ लाखांचा आहे, स्वस्त नाही, पण २०२५-२६ च्या ९ कोटी ५५ लाखांच्या कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, तो बसला.

मार्नरचं उलट झालं. त्याचा भाव चढा होता तो २०२३ च्या उन्हाळ्यात: टँपाची मालिका जिंकलेली, ९९ गुण, करार अजून दोन वर्षं शिल्लक. पण १ जुलै २०२३ ला त्याचा नो-मूव्हमेंट क्लॉज लागू होणार होता. त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हतं. नेमक्या त्याच वर्षी मे महिन्यात संघाचे जनरल मॅनेजर काइल डुबस गेले आणि महिना संपता संपता त्यांच्या जागी ब्रॅड ट्रिलिव्हिंग आले. नव्या माणसाच्या हातात महिनाभर. तो महिना तसाच गेला. वर्षभर आधी कॅलगरीत असताना याच ट्रिलिव्हिंग यांनी, मॅथ्यू टकाचक थांबणार नाही म्हटल्यावर, त्याच्या बदल्यात ह्यूबर्डो, वीगर हे खेळाडू आणि पहिल्या फेरीचा पिक (नवे तरुण खेळाडू निवडताना मिळणारी पहिल्या फेरीतली पाळी) मिळवला होता. ह्यूबर्डो तिथे चालला नाही ही गोष्ट वेगळी, पण हात रिकामे राहिले नव्हते.

मग मार्च २०२५ आला. कॅरोलायनाच्या मिको रँटानेनच्या बदल्यात जाशील का, असं मार्नरला विचारल्याच्या आणि त्याने नाही म्हटल्याच्या बातम्या आल्या. तो त्याचा हक्क होता, करारात लिहिलेला. घर, गाव, सगळं इथलं असलेला माणूस हंगाम ऐन भरात असताना हो म्हणेलच असं नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देणं मला योग्य वाटत नाही. रँटानेन डॅलसला गेला. कॅरोलायनाला त्याच्या बदल्यात स्टँकोव्हेन आणि पहिल्या फेरीचे दोन पिक मिळाले. दोन महिन्यांत रँटानेनने कोलोरॅडोविरुद्धच्या सातव्या सामन्यात, शेवटच्या सत्रात हॅटट्रिक करून आपल्या जुन्या संघाला बाहेर काढलं. मार्नर वर्षाला १ कोटी २० लाखांवर आठ वर्षांसाठी व्हेगासला गेला, रँटानेनच्या कराराएवढ्याच पैशात. टोरोंटोला त्याच्या बदल्यात निकोला रॉय मिळाला. रॉय कामाचा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, पण १०२ गुणांच्या बदल्यात तो एकटा, हे गळी उतरत नाही. याचा राग मार्नरवर काढणारे बरेच आहेत. मला तो कार्यालयातल्या दिरंगाईवर काढावासा वाटतो.

फ्लोरिडाविरुद्धच्या पराभवात घरच्या प्रेक्षकांतून जर्सी बर्फावर फेकली गेली, तेही मला आवडलं नाही. खेळावर वाटेल तितकं बोला, पण माणसाच्या घरापर्यंत जाऊ नका.

तर निवड करणाऱ्याने काय करावं? तुम्हाला सामना पासांसाठी, पेनल्टी किलसाठी, चोरलेल्या पकसाठी बघायला आवडत असेल, किंवा मार्कहॅममध्ये जन्मलेला आपल्याच गल्लीतला मुलगा म्हणून ओढ असेल, तर १६ घ्या. नऊ वर्षं त्याने या संघाला खूप दिलं आहे आणि ती जर्सी कपाटात लाजिरवाणी ठरणार नाही. पण तुम्ही एप्रिलपासून पुढे रात्री जागणाऱ्यांपैकी असाल, आणि पक घेऊन आत आलेल्या माणसाने तो जाळीकडे मारावा एवढीच तुमची मागणी असेल, तर ८८. नायलँडरचा करार २०३२ पर्यंत आहे, त्यामुळे पाठीवरचं नाव इतक्यात जुनंही होणार नाही. मुलांसाठी घेत असाल तर एक माप मोठीच घ्या.