‘लातूर’चे ‘ूर’ का झाले : पायथनच्या ‘एलस्ट्रिप’ नोंदीचे परीक्षण

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे अधिकृत डॉक्युमेंटेशन मी लातूरमध्ये गेली काही वर्षे जवळजवळ रोज उघडतो, आणि फुकट मिळणाऱ्या तांत्रिक लेखनात इतके भरवशाचे लेखन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. येथे मात्र मी त्यातली एकच नोंद विचारात घेणार आहे : स्ट्रिंगच्या, म्हणजे चिन्हांच्या सलग ओळीने बनलेल्या मजकुराच्या, डाव्या टोकाची चिन्हे काढून टाकणारी ‘एलस्ट्रिप’ ही मेथड (तयार आज्ञा). परीक्षण ३.९ या आवृत्तीच्या नोंदीचे आहे. संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांची पानेही निवडून वाचता येतात, ही सोय फार मोलाची आहे.

या नोंदीकडे मी वळलो तो स्वतःच्या चुकीमुळे. मराठवाड्यातल्या तालुक्यांची पावसाची आकडेवारी एका यादीशी जुळवायची होती आणि त्या यादीत प्रत्येक नावाआधी ‘तालुका:’ असे लिहिलेले होते. तेवढा भाग काढण्यासाठी मी एलस्ट्रिपला ‘तालुका:’ हा शब्द दिला. यादी अकारविल्हे असल्यामुळे अंबड, अहमदपूर, आष्टी, उदगीर, औसा ही सुरुवातीची नावे अगदी व्यवस्थित दिसली आणि मी निश्चिंत झालो. पुढे कन्नडचे ‘न्नड’, कळंबचे ‘ळंब’, तुळजापूरचे ‘ळजापूर’ आणि लोह्याचे ‘ोहा’ झाले होते. लातूरचे तर नुसते ‘ूर’ उरले होते, तेही ज्या अक्षरावर दीर्घ उकार टेकायचा ते अक्षर नाहीसे होऊन.

कारण सरळ आहे. एलस्ट्रिपला आपण जे देतो ते तिच्या लेखी शब्द नसतो, सुट्या चिन्हांचा संच असतो. ‘तालुका:’मधून त, काना, ल, ऱ्हस्व उकार, क आणि विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम एवढी चिन्हे तिला मिळाली. डावीकडून ती एकेक चिन्ह खात गेली. लातूरमधला ल गेला, काना गेला, त गेला, आणि संचात नसलेला दीर्घ उकार समोर आल्यावरच ती थांबली.

आता नोंदीची शब्दयोजना पाहू. मेथडला दिलेली चिन्हे म्हणजे उपसर्ग (मजकुराच्या सुरुवातीचा सलग तुकडा) नव्हे, त्या चिन्हांची सर्व ‘कॉम्बिनेशन्स’ काढली जातात, अशा अर्थाचे वाक्य तेथे आहे. त्याचा पहिला भाग उत्तम आहे, कारण वाचणारा नेमकी जी चूक करणार आहे तिला तो हात घालून अडवतो. दुसरा भाग मला खटकतो. शाळेत गणित शिकलेला माणूस कॉम्बिनेशन म्हटल्यावर तीन-चार वस्तूंच्या निरनिराळ्या जुळण्या डोळ्यांपुढे आणतो, तर येथे जुळण्या कोणीच करत नाही. येथे एकेक चिन्ह तपासत जाणारी एक साधी फेरी चालते आणि ती कधी थांबते हे वाचणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवे. थांबण्याची ही अट वाक्यात कोठेही उच्चारलेली नाही. फेरी चालवणाऱ्या कोणत्याही फंक्शनचे वर्णन थांबण्याच्या अटीशिवाय पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे वर्णन मी असे लिहीन : ‘ही मेथड डाव्या टोकापासून एकेक चिन्ह तपासते, ते दिलेल्या चिन्हांपैकी असेल तर काढते आणि त्यांत नसलेले पहिले चिन्ह येताच थांबते. दिलेल्या चिन्हांचा क्रम विचारात घेतला जात नाही.’

नोंद तरते ती उदाहरणामुळे. ‘आर्थर: थ्री!’ (Arthur: three!) या इंग्रजी मजकुरातून ‘आर्थर: ’ काढायला गेले तर थ्रीमधले पहिले तीन वर्णही जातात आणि दोन ‘ई’ व उद्गारचिन्ह एवढेच शिल्लक राहते. लगेच खाली ‘रिमूव्हप्रीफिक्स’ या, दिलेला उपसर्ग जसाच्या तसा काढणाऱ्या मेथडने तेच काम कसे बिनचूक होते ते दाखवले आहे. चुकीचा आणि बरोबर मार्ग असे शेजारी-शेजारी ठेवणे ही या डॉक्युमेंटेशनची मोठी ताकद आहे.

मराठी वाचकासाठी आणखी एक खाच आहे. नोंदीतल्या ‘कॅरेक्टर’ला आपण सवयीने ‘अक्षर’ म्हणतो. पण ‘ला’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले तरी पायथनच्या दृष्टीने ती ल आणि काना अशी युनिकोडमधली (लिपींच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली) दोन चिन्हे आहेत. म्हणून मी विद्यार्थ्यांच्या टिपणात ‘अक्षर’ हा शब्द कटाक्षाने टाळतो आणि ‘चिन्ह’ लिहितो. तसे लिहिले नाही तर लोह्याचा ओकार एकटा का उरला, याचा उलगडा मुलांना होत नाही.

सुरुवातीचे ‘स्ट्रिंगची प्रत परत करते’ हे शब्द मात्र जसेच्या तसे राहावेत. मूळ स्ट्रिंग बदलत नाही, हे त्यांतून नेमके कळते.

संपूर्ण डॉक्युमेंटेशनला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, या नोंदीला तीन. पण पानाच्या तळाशी चूक कळवण्याची सोय आहे आणि या पानांचा मूळ मजकूर गिटहब या संकेतस्थळावर खुला असल्याने कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. एलस्ट्रिपबद्दलचा गोंधळ लोकांनी वारंवार मांडला, आणि त्याचा दाखला देऊनच पेप ६१६ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावाद्वारे रिमूव्हप्रीफिक्स भाषेत आली. ती ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ पासूनच उपलब्ध आहे. त्याआधीची आवृत्ती असलेल्या संगणकावर काम करणाऱ्यांनी ‘स्टार्ट्सविथ’ने उपसर्ग आहे का ते तपासावे आणि त्याच्या लांबीइतका भाग कापावा. माझ्या यादीत लातूर आणि लोहा आता पूर्ण नावानिशी आहेत.