आठ आठवड्यांचा एमबीएसआर कोर्स: सजगता पक्की, करुणेचा धडा तोकडा

माइंडफुलनेसच्या नावावर हल्ली काहीही खपतं. त्या गर्दीत एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे सजगतेतून, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देऊन, ताण कमी करायला शिकवणारा कोर्स) उठून दिसतो, कारण त्याला आखीव अभ्यासक्रम आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला. सुरुवातीचे विद्यार्थी जुनाट दुखण्याने गांजलेले रुग्ण होते. साचा आजही जवळपास तोच आहे: आठवड्याला अडीच तासांचा एक वर्ग, असे आठ, सहाव्या आठवड्याच्या आसपास एक अख्खा दिवस मौन, आणि घरी रोज 45 मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस.

खरा कोर्स घरच्या सरावातच आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच बारीक अक्षरात असतो. वर्गात जेमतेम वीस तास, घरी तीसच्या वर. 2017 मध्ये 43 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात लोक सांगितलेल्या सरावापैकी सुमारे 64 टक्के करतात असं दिसलं, म्हणजे दिवसाला अर्ध्या तासाच्या आसपास. तेव्हा एखादा दिवस चुकला म्हणून कोर्स सोडू नये.

पहिल्या वर्गात एक बेदाणा हातावर ठेवतात. उजेडात धरून सुरकुत्या बघायच्या, कानाजवळ चोळून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून दात न लावता थांबायचं. लाळ सुटते, चावायची घाई होते. ती घाई दिसली की काम झालं. शिक्षक कसा आहे तेही इथेच कळतं. चांगला शिक्षक 'काय जाणवलं?' एवढंच विचारून गप्प बसतो. बेदाण्यावर प्रवचन सुरू झालं तर पुढचे सात आठवडे कसे जाणार याचा अंदाज बांधून ठेवा.

मग बॉडी स्कॅन: डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. अर्धा वर्ग घोरतो, आणि त्यात नवल नाही. दिवसभराचा थकवा, आडवं अंग आणि मिटलेले डोळे एकत्र आले की शरीर झोपेचीच तयारी करतं. गुडघे उभे करून तळवे जमिनीला टेकवा, डोळे अर्धवट उघडे ठेवा, जेवणानंतरची वेळ टाळा. दुसरी चूक म्हणजे बोटांत काहीतरी जाणवलंच पाहिजे म्हणून जोर लावणं. काही जाणवत नसेल तर 'काही जाणवत नाही' हीच त्या क्षणाची नोंद.

रोजच्या आयुष्याशी सांधा जुळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या तक्त्यांमुळे. आधी सुखद प्रसंग, मग नकोसे. घटना काय, ती घडत असतानाच लक्षात आली का, शरीरात कुठे काय झालं, मनात काय आलं, आणि आत्ता लिहिताना काय वाटतंय. वर्गाच्या आदल्या रात्री सातही दिवसांच्या नोंदी एका बैठकीत भरल्या तर हा व्यायाम वाया गेला; शरीराची नोंद इतक्या उशिरा आठवत नाही.

करुणेच्या बाबतीत मात्र कोर्स हात आखडता घेतो. सजगता आली की करुणा आपोआप येईल असं गृहीत धरलेलं असतं. मैत्रीभावनेचा, म्हणजे मनातल्या मनात स्वतःचं आणि इतरांचं भलं चिंतण्याचा, उघड सराव बहुतेक मौनाच्या दिवशी, तोही थोडाच. स्वतःला सतत फटकारणाऱ्या माणसाला नुसत्या सजगतेने ते फटकारणं आणखी स्पष्ट ऐकू येतं. त्याने क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांचा एमएससी (माइंडफुल सेल्फ-कम्पॅशन, म्हणजे स्वतःशी करुणेने वागायला शिकवणारा) हा आठ आठवड्यांचा कोर्स आधी घ्यावा. त्यातला छोटा सराव भर कामातही जमतो: छातीवर हात, आणि तीन वाक्यं. हे जड जातंय. असं सगळ्यांनाच होतं. आत्ता स्वतःशी जरा मायेने वागू या. (वाक्यं आपल्या बोलीत बसवा. 'मी सुखी असो' तिसऱ्या दिवशी पाढ्यासारखं होतं.)

मैत्रीभावनेची सुरुवात सोप्या जिवापासून करा, लहान मूल किंवा पाळीव प्राणी. पहिल्याच दिवशी छळणाऱ्या साहेबाला निवडलं की राग दाबण्याचा सराव होतो, दुसरं काही नाही. काहींना माया मिळताच जुनं दुःख उसळून येतं. एमएससीवाले त्याला बॅकड्राफ्ट म्हणतात: कोंडलेल्या आगीच्या खोलीचं दार उघडलं की हवा मिळून भडका उडतो, तसं. तेव्हा वाक्यं थांबवून लक्ष तळपायांवर आणायचं. हे पहिल्या दोन वर्गांत सांगितलं नाही तर तो शिक्षक कच्चा.

2022 मधल्या एका चाचणीत चिंताविकारावर एमबीएसआर एस्सिटालोप्राम या गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण तेवढ्यावरून चालू गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. ताजा शोक, सुटत नसलेलं व्यसन, आत्महत्येचे विचार किंवा मोठा मानसिक आघात असेल तर आधी उपचार करणाऱ्यांशी बोला. प्रवेशाआधी हे प्रश्न एकेकट्याला विचारणारा कोर्स निवडा. नुसता फॉर्म आणि पैसे घेणाऱ्याकडे नाव घालू नका.